पितळी फुलांचा पाट आणि मधल्या खोलीचा पत्ता

वाडी, अमरावती रोड, नागपूर
अधिक ज्येष्ठ (तिथी वच्छलाला विचारावी लागेल आणि तिला हे पत्र दाखवायचं नाही, म्हणून नुसतं) बुधवार

श्रीमान साडभाऊ धोंडबाजी यांस,

थोरल्या साडभावाचा, म्हणजे रुपरावचा, सप्रेम नमस्कार. यातलं प्रेम खरं आहे. पुढे काहीही वाचायला मिळालं तरी या पहिल्या ओळीवरचा विश्वास ढळू देऊ नये.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुमची तब्येत, प्रेमलताची कंबर, उन्हाळी धानाची मळणी आणि ती लाथा मारणारी म्हैस, सगळ्यांचं क्षेम कळवावं. तुमच्या वेबसाइटची तब्येत मात्र विचारत नाही. ती ठणठणीत आहे हे मला माहीत आहे, आज सकाळीच पाहिली (दोनदा). हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता आलं असतं, पण आपल्या दोघांचेही फोन आपल्याआधी आपापल्या बायका वाचतात आणि त्या सख्ख्या बहिणी आहेत, म्हणून पत्र. कागद जुन्या बिल्टीचा पाठकोरा आहे. मागे "माल मालकाच्या जोखमीवर" असं छापलेलं आहे, ते पत्रालाही लागू समजावं.

कुहीहून धोंडे जेवून आल्यापासून मला नीट झोप नाही, आणि ती का नाही हे तुम्हाला सांगितल्याशिवाय येणार नाही असं दिसतं. मूळ भानगड पाटाची आहे. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, अंजनाबाई मामीजी सासूच्या नात्याने आपल्याला धोंडे जेवायला बोलावतात आणि त्यांच्या घरात पितळी फुलं ठोकलेला पाट एकच आहे. दुसरा पाट साधा आहे, त्याचा एक पाय लुळा आहे, आणि तो तुमचा. थोरला जावई म्हणून नऊ अधिक महिने मी त्या पितळी फुलांवर बसलो. अनारशांचं पहिलं वाण माझं, पहिली ओवाळणी माझी. करोनाच्या वर्षी तर मामीजींनी रिकामा पाट मांडून त्याला ओवाळलं आणि फोनवर नाव माझं घेतलं. माणसाला आयुष्यात फार काही मिळत नाही, धोंडबाजी. ट्रकात चढणाऱ्या मालाच्या बिल्ट्या फाडण्यात माझी तेहतीस वर्षं गेली; पाठवणारा कोण, घेणारा कोण, पत्ता काय, नग किती. निवृत्त झालो तेव्हा मालकांनी नारळ दिला आणि माझी खुर्ची दुसऱ्या दिवशी संगणकाला दिली. मग माझ्याकडे राहिलं काय? तो पाट.

अशा वेळी तुम्ही गेल्या दिवाळीत वेबसाइट काढलीत. काढलीत ती काढलीत, पण ती कोणाच्या भाड्याच्या जागेत न ठेवता स्वतःच्या घरात, धानाच्या कोठीवर, तंबाखूच्या डबीएवढ्या संगणकात ठेवलीत, तोही शेतातल्या सौर पॅनेलवर चालणारा. वर स्वतःचं नाव: कुहीचाधोंडबा डॉट इन. आत काय, तर आज धानाच्या बांधीत पाणी किती बोटं, कोवळ्या पऱ्ह्यांना कीड लागली की नाही, तळ्यावर बगळे किती आले. मी म्हटलं, हे कोण वाचणार? आणि तुम्ही एका साक्षगंधाच्या (साखरपुड्याच्या) मांडवात, सगळ्या सोयऱ्यांसमोर, पानाला चुना लावता लावता सहज म्हणालात की रोज तीसचाळीस लोक पाहतात. मोठ्याने म्हणाला असतात तर मी बढाई म्हणून सोडून दिलं असतं. तुम्ही हळू म्हणालात. माझा त्या दिवशीचा गुलाबजाम तसाच राहिला.

तसा मी वेबसाइट निघाली त्या दिवसापासूनच तिच्यावर लक्ष ठेवून आहे. चहाबरोबर पाहतो, जेवणानंतर पाहतो, बसस्टॉपवर पाहतो. कुठे चूक सापडेल, कुठे बंद पडलेली दिसेल, या आशेने (मोकळं लिहितो) पाहतो. खाली तो आकडा असतो, आजवर पाहणारे इतके इतके. तो दर वेळी वाढलेला दिसायचा. बंद पडली म्हणाल तर एकदाही नाही. आमच्या वाडीत ढग दिसला की लाईट जाते आणि तुमचे बगळे मात्र बारा महिने चोवीस तास जगासमोर उभे. मी जळतो, असं वच्छलाचं मत आहे. मी जळत नाही. वैशाख सुरू होता, सगळं नागपूरच भाजत होतं, त्यात माझं वेगळं काही दिसण्याचं कारण नव्हतं.

आणि मग मामीजींचा फोन आला. आधी त्यांनी पाऊसपाण्याचं विचारलं, तेव्हाच मला समजायला हवं होतं, कारण मे महिन्यात पाऊसपाणी कोण विचारतं? मग म्हणाल्या, "जावईबापू, यंदा धाकल्या जावयाले आधी बसवावं म्हन्तो. त्याइचं कम्प्युटरात नाव निंगालं. तुमाले राग तं नाही ना येनार?" मी म्हटलं, छे छे, राग कसला. फोन ठेवला आणि तडक सदरच्या बाजारात जाऊन एक जुना संगणक घेऊन आलो.

नाव घ्यायला दहा मिनिटं लागली: रुपरावबिल्टीवाले डॉट इन. जगात हे नाव दुसऱ्या कोणालाही नको होतं, यात मी माझं वेगळेपण पाहिलं. पुढचं सगळं मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून केलं. त्यातली मुलं सारखी "हे अगदी सोपं आहे" म्हणतात आणि आपल्याला ते जमत नसलं की फार वाईट वाटतं. तरी मला एक गोष्ट पहिल्या दिवशीच कळली, की हा सगळा बिल्टीचाच धंदा आहे. नाव ही नुसती पाटी. पाटीमागे आकड्यांचा खरा पत्ता द्यावा लागतो, म्हणजे कोणी नाव विचारलं की माल कुठे उतरवायचा ते समजतं. पत्ता लिहिण्यात तर माझा हात धरणारा अमरावती रोडवर कोणी नव्हता. मी संगणकाला त्याचा पत्ता विचारला, त्याने आकडे दाखवले, ते मी नावामागे लिहून टाकले, थोडी वाट पाहिली, मोबाइलवर नाव टाकलं आणि साइट उघडली! माझा फोटो, खाली "सहर्ष स्वागत". मी वच्छलाला पेढे आणायला पाठवलं.

तीन दिवस मी राजा होतो. आकडा बघता बघता अकरावर गेला. सोयऱ्याधायऱ्यांना फोन केले, की पाहा. तर जो तो म्हणे, उघडत नाही. अमरावतीचा म्हणे उघडत नाही, भंडाऱ्याचा म्हणे उघडत नाही, तुम्हीही म्हणालात, आठवत असेल. खरं सांगतो, मला वाटलं तुम्ही सगळे जळता. विशेषतः तुम्ही. मी वच्छलाला म्हटलंसुद्धा, पाहा, माणसाचा उत्कर्ष आपल्याच लोकांना पाहवत नाही.

आमच्या वरच्या खोलीत प्रीती म्हणून भाडेकरू आहे, इथल्याच एका गोदामात संगणकावर मालाचा हिशेब ठेवते. चौथ्या दिवशी ती पाण्याच्या मोटरचं विचारायला खाली आली, तर मी तिलाही साइट दाखवली. तिने मी लिहिलेला पत्ता पाहिला, पुन्हा एकदा पाहिला (माझ्या वयाचा मान ठेवत असावी) आणि म्हणाली, "काका, हा पत्ता घरातल्या घरातला आहे. तुमी जगाले लिहून दिलं, मधली खोली, खिडकीजवळ. बाहेरच्याले तुमची मधली खोली कशी सापडन? अन् हे अकराच्या अकरा तुमीच आहा."

धोंडबाजी, अपुऱ्या पत्त्याच्या बिल्ट्या मी तेहतीस वर्षं लोकांच्या तोंडावर परत फेकल्या. "मु. पो. नदीकाठी" लिहिणाऱ्यांना मी काय काय बोललो आहे ते माझं मला ठाऊक. आणि मी स्वतः अख्ख्या जगाला पत्ता दिला तो मधल्या खोलीचा. (त्या अकरावरून मला तुमच्या चाळीसाचाही काही विचार आला होता. तो राहू द्या.)

मग नेटवाल्याकडे चकरा. तो म्हणाला, तुम्हाला बाहेरचा पत्ताच नाही, मोहल्ल्यातली सगळी घरं एकाच फाटकातून ये-जा करतात, स्वतःचं फाटक हवं तर अर्ज द्या. अर्ज दिला. फाटक मिळालं. मग फाटकावर दरवान ठेवावा लागतो, की वेबसाइटचा माणूस आला तर त्याला थेट मधल्या खोलीत पाठव आणि बाकीच्यांना हाकल. तो दरवान मी असा नेमला की दोन दिवस वच्छलाच्या मालिकाही बाहेरच राहिल्या. शेवटी प्रीतीने सगळं सरळ केलं आणि रुपरावबिल्टीवाले खरोखर जगाला दिसू लागले. नुसता फोटो ठेवून भागणार नव्हतं, म्हणून मी लिहायला बसलो. शेतातलं मला काही कळत नाही. मला कळतात ती न सोडवलेली पार्सलं. गोदामात येऊन पडलेली, ज्यांना घ्यायला कोणी आलंच नाही अशी: एक हार्मोनियम, देवळाच्या अकरा घंटा, आहेराच्या भांड्यांची पेटी. कोणतं कुठून आलं, मी घेणाऱ्याला कसं शोधलं, सापडलं की नाही, असं एकेक लिहीत गेलो. लिहिताना बरं वाटायचं. तेवढा वेळ तुमच्याकडे बघायचं राहून जायचं.

बघणारे किती? आता मी आकड्यावर विश्वास ठेवत नव्हतो. प्रीतीने संगणकातली आवकजावक वही उघडून दिली होती, त्यात कोण कोणत्या पत्त्यावरून किती वाजता आलं ते सगळं नोंदलेलं असतं. माझे स्वतःचे सोडले तर रोज एकच. सकाळी पावणेसहाला यायचा, एक पान वाचायचा, जायचा. दुसऱ्या दिवशी पुढचं पान. मी ठरवून टाकलं की हा कोणी बडा ट्रान्सपोर्टवाला असणार, पहाटे उठणारा, कदाचित मुंबईचा.

तेवढ्यात उन्हाने आणखी डोकं वर काढलं. पंचेचाळीसच्या वर पारा गेला की माणूस तरी सावलीत जातो, तो संगणक जागच्या जागी तापून बंद पडायचा. मी कूलर त्याच्याकडे वळवला. नव्या ताट्या बसवल्या, वाळा टाकला. वच्छला स्वयंपाकघरातून घाम पुसत आली, कूलरकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "डब्बा थंडा होऊन राहिला अन् मी इथं शिजून राहिली. त्याच्याशीच लगन लावा." त्यानंतर आठ दिवस मला जेवणात कढीच मिळाली, पण साइट चालू राहिली. साइट धोंड्यापर्यंत टिकली पाहिजे, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं.

मग तो रविवार. घर नीट बंद करून (माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे, कुलूप तीनदा ओढून पाहतो) आम्ही सकाळच्या बसने निघालो. मी मामीजींना आधीच कळवून ठेवलं होतं, की वाण देण्याआधी मोबाइलवर माझी साइट सगळ्यांना दाखवणार, मग कोणाला आधी बसवायचं ते ठरवा. ओसरीवर सगळे जमले. मामीजी चष्मा लावून मधोमध बसल्या. पितळी फुलांचा पाट भिंतीला टेकवून ठेवलेला, कोणाचाच नाही असा. मी नाव टाकलं. गोल गोल फिरलं. पुन्हा टाकलं. प्रेमलताचा फोन घेतला, तिच्यावर टाकलं. तिच्यावर तुमचे बगळे लगेच उघडले, माझं मात्र फिरतच राहिलं. मी अंगणात जाऊन प्रीतीला फोन करून आलो आणि वाडीत लाईट गेली असं जाहीर केलं. मामीजींनी चष्मा काढून पदराला पुसला. तो चष्मा पुसणं मला फार लागलं, धोंडबाजी. तेवढ्या वेळात मी मनाने उठून त्या लुळ्या पायाच्या पाटावर जाऊन बसलो होतो.

आणि तुम्ही म्हणालात, "बंद आहे तं काय झालं? मले पाठ आहे."

मग तुम्ही सांगायला लागलात. हार्मोनियम सांगितला, घंटा सांगितल्या. आहेराच्या पेटीला कुलूप कोणत्या रंगाचं होतं ते मी लिहून विसरलो होतो, ते तुम्ही सांगितलंत. तेव्हा मला कळलं पावणेसहाला मुंबईहून कोण येतं ते. (तुम्ही त्या वेळी धार काढायला बसता, माझ्या लक्षात यायला हवं होतं.) मग तुम्ही शिलाई मशीनवर आलात. सत्तावीस वर्षांपूर्वीचं पार्सल, घेणाऱ्याच्या जागी नुसतं "सिंधूताई, कुही", आडनाव नाही, गल्ली नाही. ती मशीन घेऊन मी कुहीत हिंडत होतो, अंजनाबाईंच्या दारात पाणी मागितलं, सिंधूताई त्यांच्या शेजारीण निघाल्या आणि पुढे महिन्याभरात वच्छलासाठी मला बोलावणं आलं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण सगळ्यांना वाटायचं मला कंपनीने पाठवलं होतं. कंपनीने मशीन परत पाठवायला सांगितलं होतं, आणि मी रजा टाकून, ती बसच्या टपावर चढवून स्वतःच्या मनाने आणली होती, हे मी फक्त साइटवर लिहिलं होतं. सातव्या पानावर. तिथवर वाचणारा माणूस जगात एकच होता.

मामीजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हे तं मले आजवर कोनं सांगतलंच नाही. अन् पाट कोनाचा, हे काहून इचारून राहिले तुमी लोकं?"

पाट तुम्ही उचललात, तुम्ही मांडलात, माझ्या हाताला धरून तुम्ही बसवलंत. पहिलं वाण मला मिळालं. तुम्ही लुळ्या पाटावर बसून, एक गुडघा जमिनीला टेकवून, चार धोंडे खाल्लेत आणि पाचवा मागितलात. मला दुसरा गेला नाही. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि ते तुमच्या हातून मिळालं, याचा मला इतका हेवा वाटला की काय सांगू. वेबसाइटचा हेवा परवडला, ती बंद तरी पडू शकते. इतकं चांगलं वागणाऱ्या माणसाचं करायचं काय? तुम्ही एखादा टोमणा मारला असतात तर मी आज सुखाने झोपलो असतो. निदान मशीनची गोष्ट तरी जरा वाईट सांगायची. तुम्ही ती माझ्यापेक्षा चांगली सांगितलीत.

असो. मन मोकळं केलं, आता तुमच्याकडून मला काही नको. मामीजींना दंडवत, प्रेमलताला आशीर्वाद, म्हशीला लांबून नमस्कार.

तुमचा (वयाने, नात्याने आणि पाटाने) थोरला,
रुपराव

ता. क. वर "काही नको" लिहिलं ते एवढं सोडून. कुहीहून आलो त्या संध्याकाळी वच्छलाने कूलर वळवून स्वतःकडे घेतला, आणि या वेळी मी काही बोललो नाही. डब्बा दिवसाला चार वेळा बंद पडतो. तेव्हा पाऊस लागेपर्यंत माझी पानं तुमच्या त्या तंबाखूच्या डबीत ठेवून घ्याल काय? नाव माझंच राहील, पाटी माझी, फक्त पत्ता तुमच्या कोठीचा. जागा फार लागणार नाही. बगळ्यांना थोडं सरकवावं. सोयऱ्यांत वाच्यता नको.

ता. क. दुसरा. वाडीत लाईट गेली नव्हती. प्रीतीने फोनवर सांगितलं की वर पंखा छान फिरतो आहे, तिचं मीटर वेगळं आहे. आमच्याकडे निघताना गॅस, नळ आणि मेन स्विच बंद करायची माझी जुनी शिस्त. मेन मी माझ्या हाताने पाडला आणि तो नीट पडला की नाही हे परत येऊन दोनदा तपासलं. वच्छला बसमध्ये सारखं काहीतरी सांगायला पाहत होती, मी तिला बोलू दिलं नाही. तिला आता कळलं आहे. कढी पुन्हा सुरू आहे.

ता. क. तिसरा, आणि हा वाचून फाडून टाकावा. तुमचे ते रोजचे तीसचाळीस लोक. सकाळी चहाला सहासात, जेवणानंतर दहाएक, बसस्टॉपवर, सदरला, रांगेत, मिळून मोजले तर साधारण तेवढेच भरतात. मी आहे तो. तुम्हाला आवकजावक वही वाचता येते, तेव्हा तुम्हालाही हे केव्हाच दिसलं असणार, आणि तरी तुम्ही मांडवात "लोक" म्हणालात, "रुपरावभाऊ" म्हणाला नाहीत. त्याबद्दल आभार मानणार नाही, आणखी झोप जाईल. येणं काही बंद करत नाही. बांधीत किती बोटं पाणी आहे हे समजल्याशिवाय आताशा चहा जात नाही.

पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी आहे. मामीजींना सांगून लुळ्या पाटाचा पाय तेवढा सुताराकडून करून घ्यावा, पितळी फुलंही ठोकून घ्यावीत, आणि दोन्ही पाट शेजारी शेजारी मांडावेत. माझा चार बोटं पुढे.